खंडेनवमीच्या पाटावरची बंदूक

आप्पा, ज्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही त्या घरात इथे आल्या आल्याच मी शिकारीचा परवाना पाहिला. माझ्या जावयाच्या नावाचा. तो, माझी लेक आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी अमेरिकेत टेक्ससमध्ये अर्विंग गावी राहतात, आणि मी सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे आले आहे. जावई पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणारा. मी विचारलं, "हे काय?" तर हसत म्हणाला, "आई, आम्हा वर्क व्हिसावाल्यांना इथे बंदूक घेता येत नाही. पण हंटिंग लायसन्स असलं की घेता येते. म्हणून काढलं." म्हटलं, "आणि शिकार?" "छे हो! माशी मारायच्या आधी मी खिडकी उघडून तिला चान्स देतो." मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. ज्याला मारायचं नाही त्यानं मारण्याचा परवाना काढायचा, कारण त्याशिवाय मारण्याचं साधन मिळत नाही. मी आयुष्यभर सरकारांच्या तर्कटावर भाषणं केली, पण असलं काही मला व्यासपीठावर सुचलं नसतं.

परवा खंडेनवमी होती. हॉलमध्ये टीव्हीखाली पाट मांडला होता. त्यावर लॅपटॉप, दोन गाड्यांच्या किल्ल्या, ड्रिल मशीन, लेकीची विळी, आणि या सगळ्यांच्या मधोमध काळीभोर लांब बंदूक. तिला हळदकुंकू लावलेलं, इंडियन दुकानातून आणलेला झेंडूचा हार घातलेला. नात हात जोडून उभी. मला एकदम आपल्या ओटीवरचा पाट दिसला. तुमची ठासणीची बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्याची, तेल लावून पुसलेली. खरं सांगते, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. कोणापुढे हात न जोडता बंदूक घरात ठेवणारी माणसं मला पाहायची होती.

कारण तुम्हाला मी हात जोडताना पाहिलं होतं. निवडणूक लागली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या. तुम्ही धोतर नीट करता, बंदूक गोणपाटात गुंडाळता, आणि मी तुमच्या मागून चालते. ठाण्याच्या व्हरांड्यात तुम्ही उभे आहात, हवालदार बाकावर बसून चहा पितो आहे. एका वर्षी निकाल लागूनही बंदुका लवकर परत मिळाल्या नाहीत आणि रानडुकरांनी आपलं उन्हाळी, वायंगणी भात लोळवून टाकलं. सकाळी आई बांधावर उभी होती. त्या चिखलातून माझं पहिलं भाषण उगवलं, आप्पा. कॉलेजच्या स्पर्धेत मी गरजले: ज्या सरकारला माझ्या वडिलांच्या हातातली बंदूक चालत नाही, त्याला त्याच हातानं दिलेलं मत कसं चालतं? सभागृह उठून उभं राहिलं. घरी येऊन ढाल तुमच्यापुढे ठेवली, तर तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "छान बोललीस. पण भात डुकरानं खाल्लं गो. तू डुकराला सोडून दिलंस." मी चिडले. तुम्ही पुढे म्हणालात, "आणि बंदुका ठाण्यात होत्या त्याच महिन्यात बांधावरून दोन भाऊ कोयते घेऊन एकमेकांवर धावले, ते टाके घालून घरी आले. हे का नाही बोललीस?" मी म्हटलं, "कारण ते माझ्या विषयात बसत नव्हतं." तुम्ही मान हलवलीत आणि सुपारी तोंडात टाकलीत. पुढे तुम्ही गेलात आणि वाद अर्धा राहिला. मी तो एकटीच चालवत आले, आणि अर्थात जिंकत आले.

परवाना पाहिल्यावर जावयानं मला बंदूक घेतली ते खेळाच्या सामानाचं दुकानही दाखवलं होतं. टेनिसच्या रॅकेटींशेजारी बंदुका, पलीकडे लहान मुलांच्या सायकली. काउंटरवरचा माणूस फोनवर काही विचारून घेतो, आणि गिऱ्हाईक बंदूक खांद्यावर टाकून बाहेर. मी विचारलं, "अरे, पण ही चालवायची कुठे?" "तोच तर प्रॉब्लेम आहे. इथे बहुतेक जमीन कोणाच्या ना कोणाच्या मालकीची. हरणं मारायची तर रँचवाल्याशी करार करायचा, त्याचे भरपूर पैसे द्यायचे. कुंपण ओलांडलं तर तोच आपल्याला मारेल." गाडीत बसल्यावर मनात आलं, आपल्याकडे रान मोकळं होतं आणि बंदूक बांधलेली. पुढे कायद्यानं शिकारच बंद झाली. इथे बंदूक मोकळी आणि रान बांधलेलं. मग स्वातंत्र्य म्हणतात ते नेमकं कुठे राहतं, खांद्यावर की पायांखाली? यावर मी दोन तास बोलू शकले असते. दसऱ्याला इथल्या महाराष्ट्र मंडळात माझं व्याख्यान होतंच.

पूजा झाल्यावर मी जावयाला म्हटलं, "का घेतलीस रे, खरं सांग." तो गंभीर झाला. गेल्या वर्षी इथले ते दोन मनोरे विमानं आदळून पडले, त्यानंतर पेट्रोल पंपावर एकजण त्याच्या अंगावर ओरडत आला होता, तुझ्या देशात परत जा म्हणून. गाडीत शेजारी माझी लेक बसलेली. "दाढी काढली मी दुसऱ्या दिवशी. मग वाटलं, दाढी किती वेळा काढणार? आणि आई, तुमच्या भाषणाची ती कॅसेट आहे ना आमच्याकडे, माझ्या वडिलांच्या हातातली बंदूक... पाठ आहे मला. तुम्हीच तर शिकवलंत." माझी लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "हो, आईनं शिकवलं म्हणे! मला विचारलं होतंस का घेताना?" "यार, आता सणाच्या दिवशी नको ना." मी सहज म्हटलं, "रिकामी आहे ना रे?" "अर्थात!" म्हणत त्यानं ती पाटावरून उचलली आणि दाखवण्यासाठी नळीखालची मूठ खटकन मागे ओढली.

लाल काडतूस बाहेर उडालं. रांगोळीवरून घरंगळत झेंडूपाशी थांबलं. नात वाकली. "आज्जी, लुक! मम्माज लिपस्टिक!" लेकीनं झडप घालून तिला उचललं. जावयाचा चेहरा पांढराफटक. त्यानं पुन्हा मूठ ओढली, आणखी एक पडलं. पुन्हा, आणखी एक. "मागच्या आठवड्यात... तुम्ही सगळ्या देवळात गेला होता... कोणीतरी दार जोरात वाजवत होतं. मी भरली. दाराशी जाऊन उभा राहिलो." "कोण होतं?" लेकीनं विचारलं. तो म्हणाला, "पिझ्झावाला. चुकीचं घर." आणि खाली बसला.

"आत्ताच्या आत्ता घराबाहेर ने ती," लेक म्हणाली. आणि तो, आत्ताच ती उचलून दाखवणारा तोच माणूस, म्हणतो, "पूजा झाली आहे गं. उद्या सीमोल्लंघनापर्यंत शस्त्र जागचं हलवत नाहीत. आमच्याकडे नाही चालत." त्यानं ती परत पाटावर ठेवली! हार नीट केला! लेक ओरडली, "बंदूक चालते, हलवलेली नाही चालत?" दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. ज्या वाक्यानं मला नाव दिलं, ते एका भित्र्या, भल्या पोरानं खरं मानलं होतं, आणि ते वाक्य बंदुकीत भरून तो दाराशी उभा राहिला होता. पलीकडे एक पोरगा गरम डबा घेऊन घराचा नंबर वाचत होता. आप्पा, तोही माझ्या विषयात कधी बसला नव्हता.

शेवटी म्हटलं, "पूजा मी मोडते. दोष मला लागू दे." त्याच्याकडून ती रिकामी असल्याची पुन्हा खात्री करून घेतली. काडतुसं लेकीनं वेगळी नेली. तो ती पाटावरून हलवायला तयार नव्हता, म्हणून बंदूक मीच उचलली आणि गॅरेजमधल्या कपाटात ठेवायला गेले. कुलूप लावलं, किल्ली लेकीच्या हातात दिली. ती ठेवायची की विकायची हे ते दोघं ठरवतील. काल दिवसभर ते त्यावर बोलत होते आणि अजून ठरलेलं नाही. मंडळात मी मराठी शाळेच्या महत्त्वावर बोलले. लोक जरा हिरमुसले.

माझं मत बदललं का, असं तुम्ही विचाराल. नाही. त्या व्हरांड्यात तुम्ही उभे होता ते आजही मला सहन होत नाही. पण एक गोष्ट मी लेकीला सांगितलेली नाही, जावयाला तर नाहीच, आणि हा कागदही तुमच्यापर्यंत येणार नाही म्हणूनच लिहिते. कपाटात ठेवण्याआधी मी ती खांद्याला लावून पाहिली. छान बसली. बंद दाराकडे नळी करून मी उभी होते, आणि बाहेरून कोणाची तरी गाडी हळूहळू गेली. आप्पा, मी त्या आवाजाबरोबर नळी फिरवत नेली, आवाज संपेपर्यंत.