सहावीच्या यादीतलं चौथं नाव

१ जून
अंजू पाचवी पास झाली. गावची शाळा पाचवीपर्यंतच. पुढं दोन शाळा, दोन्ही जि.प.च्याच. एक नदीकडची, तीन कि.मी., पायी. दुसरी सोनपेठ रोडवरची, सात कि.मी., एसटीनं. इथं न. आणि रो. एवढंच लिहीन.
आज न.चे मुख्याध्यापक स्वतः घरी आले. चहा घेतला. "ताई, तुमच्यासारख्या शिकलेल्या आईची पोरगी आमच्या शाळेत पाहिजे." मी बारावी. सरकारी माणूस भर उन्हात एवढं गोड बोलायला येतो?

४ जून
रो. बघून आले. इमारत चांगली, तिन्ही वर्गांना वेगळे शिक्षक. मुलींच्या संडासाला कुलूप. चावी म्हणे एका सरांकडं, सर गावाला. न विचारता एक शिक्षक म्हणाले, "न.ला गणिताला माणूसच न्हाई. एकच सर तीन वर्ग बघायलेत." खरं असेल. पण मी न.चं नाव काढलंच नव्हतं.

६ जून
आज न.ला न सांगता गेले. झाडून स्वच्छ. नळ सोडून पाहिला, पाणी आलं. कपाटातली पुस्तकं मात्र कोरी, उघडताना पानं कडकड वाजली. वाचतं का कुणी?
ऑफिसात एकट्या मॅडम होत्या. टेबलावर सहावीची यादी. उलटीकडून वाचली. चौथं नाव आमच्या अंजूचं. वडलांचं नाव, माझं नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर. मी एक कागद दिलेला नाही!
मॅडमनी यादी पालथी घातली. "ते कच्चं हाय ताई."

७ जून
यांना विचारलं. "मी कशाला देऊ? तुझ्या गळ्याची आण." हे आण लवकर घेतात.
मग कदम गुरुजींकडं गेले. गावच्या शाळेत अंजूला पाच वर्षं त्यांनीच शिकवलं. कपाट उघडून अंजूचा शाळा सोडल्याचा दाखला दाखवला, आहे तिथंच. पण वर म्हणाले, "नुसतं नाव लिहिलंय ना? मग बिघडलं कुठं?" हेच खुपलं. गुरुजींवर आजवर कधी शक घेतला नव्हता.

९ जून
न.च्या मुख्याध्यापकांना फोन लावला. गोडी संपली होती. खरं बोलले. "पट घटला तर एक शिक्षक उचलतेत ताई. मग गणिताला माणूस कुठून मागू?" म्हणजे आमची पोरगी त्यांच्या शिक्षकाची जागा वाचवायला.
"कागद कुणी दिले?"
"तुमच्याच घरातून आले."
फोन ठेवला. जेवताना सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "अशी काय बघायलीस? मी काय चोरलंय का?"

१० जून
चोर सापडला. अंजू.
वेणी घालताना पाठमोरी बसून बोलली. "मीच दिली आधारची झेरॉक्स. तुझं नाव बी मीच सांगितलं. रेणूसंगं जाऊन."
रेणुका, तिच्याच वर्गातली, मारोतीची थोरली. मारोती आणि त्याची बायको दरसाल ऊस तोडायला जातात. आजवर रेणू आजीपाशी राहायची. यंदा तिलाही न्यायचं म्हणतात, धाकट्याला सांभाळायला. रो.ला एसटीनं पाठवणार नाहीत. नदीच्या वाटेनं एकटीला सोडणार नाहीत. अंजू सोबत असेल तरच शाळा.
"मी न्हाई गेले तर ती बी जायची न्हाई, आई."
हात उचलला होता, खाली घेतला. वेणी तशीच अर्धी. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हे घातलं कुणी? रेणूनं? तिच्या आईनं? का मुख्याध्यापकांनी, दोन नावं मिळतील म्हणून?

१२ जून
मारोतीच्या घरी गेले. तो नव्हता. बायको भाकरी थापत होती.
"आमी काय तुमच्या पोरीला जबरदस्ती करायलाव का?"
म्हणलं, अंजू न.ला गेली तर रेणूला खरंच ठेवशील?
"दसऱ्याला निघताना बघू की."
रेणू दारात उभी. आईकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

१३ जून
दोन्हीकडच्या सातवीतल्या एकेका पोरीला बाजारात गाठलं, एकच भागाकार घातला. रो.च्या पोरीनं झटक्यात बरोबर केला. कसा केला विचारलं तर गप्प. न.च्या पोरीचा चुकला. मग तिनंच चूक शोधली, खोडलं, परत केला. लय वेळ लागला.
यात चांगली शाळा कोणती? आजवर वाटायचं, निकाल बघितला की कळतं.
हे म्हणाले, "आपल्या पोरीचं बघ. गावाची जिम्मेदारी तुझ्यावर हाय का?" बरोबर आहे. तरी...

१६ जून
न.ला घातलं. दिवाळीपर्यंत बघणार, नाहीतर काढीन. मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली, डोळे यादीवर. दोघी पोरी पहिल्या बाकावर.

१८ जून
गणिताला खरंच सर आलेत. अंजू सांगत होती, हसून शिकवतात. किती दिवस टिकतात बघू.
दिवेलागणीला रेणूची आई आली. बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हातारीला दिसत न्हाई आता. तिच्यापाशी पोरगी कशी ठेवू? तुमच्याकडं झोपायला जागा हाय का? आमी निघाल्यावर."
"परत कधी येणार?"
"कारखाना बंद झाल्यावर."
म्हणजे पाच-सहा महिने. हे आधीपासूनच ठरलं होतं का? अंजूचं नाव, पायवाट, सोबत, आणि शेवटी आमचं घर? का हिला आजच सुचलं? तोंडाकडं नीट पाहिलं. काही कळलं नाही. थकलेली दिसली.
आत दोघी पोरी मोठ्यानं एकच गणित वाचत होत्या. मधेच थांबल्या. ऐकत असणार.
ती उंबऱ्यापाशी उभीच होती. हे म्हणाले, "बसा की वहिनी." मग ती बसली.