तेवीस नंबर सोडून

१२ फेब्रुवारी
आजपासून सोसायटीचं कॉम्प्युटर माह्या हातात. आमच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष धनराज भाऊ, त्यायची सून पायल बाळंतपणाले माहेरी चालली. म्हणे, कुंता काकू, तुम्ही सातवी शिकल्या, तुम्हीच सांभाळा. सातवीत मी पह्यली आली होती. वर्गात दोघीच होतो ते वेगळं.
काम सोपं. तलावात जाळं टाकायचं असलं का आदल्या सांजी बटन दाबायचं. कॉम्प्युटर सगळ्या मेंबरायचे रेकॉर्ड अनलोड करते. ट्रॅक्टरवरून धानाचे पोते उतरवते तसं, एकामागं एक. ज्याचं नाव उतरलं त्याले फोन जाते. फोनात माहा आवाज भरला : उद्या सकाळी जाळं आहे, सगळ्यायनं तलावावर या. गोड आला. पायल कंटाळेपर्यंत ऐकला.

१३ फेब्रुवारी
पायलनं जाता जाता एक 'स्किप' नावाचा डब्बा दाखवला. म्हणे, काकू, मधातच लाइट गेली अन् वीस जणायले फोन जाऊन चुकले असन, तं याच्यात वीस लिहा. मंग कॉम्प्युटर पह्यले वीस सोडून पुढच्यापासून सुरू करते. नाई तं लोकायले दोनदोनदा फोन जाते अन् ते शिव्या देते.
हो हो म्हटलं. लाइटचं मले काय करायचं? मतलबाची गोष्ट ध्यानात आली. नंबर लिहिला का माणूस सुटते.
शालिकरामचा नंबर तेवीस. सहज पाह्यला.

१४ फेब्रुवारी
हा शालिकराम म्हणजे मागच्या गल्लीतला. त्याची बायको वारली, माहा नवरा वारला, दोन्ही गोष्टी जुन्या. रोज माह्या घरासमोरून जाते अन् मान खाली घालून जाते. काल म्हटलं, काहो शालिकराम भाऊ, जमिनीत काही पेरलं का? म्हणे, नाई, काटे पाह्यतो. एवढंच! भाऊ म्हणा लागते, इलाज नाई.
ह्या माणसाचा घमंड उतरवा लागते. त्यात माहा काही स्वार्थ नाई.
प्लॅन : तेवीस नंबर स्किप. त्याले फोन जाणार नाई. जाळं हुकन, मासोळी हुकन. मंग येईन माह्या दारात झगडाले, काऊन मले फोन नाई केला म्हणून. मी चहा ठेवीन. झगडा लंबा चालला पायजे.

१७ फेब्रुवारी, सांजी
उद्या जाळं. डब्ब्यात तेवीस लिहिलं. बटन दाबलं. आकडा पुन्हा नाई पाह्यला. एकदाच.
काम लवकरच आटपलं. मशीन मोठी चपळ आहे.
माह्या फोनवर काही आलं नाई. मले कशाले येईन? मीच तं आवाज.
अंगण सारवलं. साखर आणली. रोजचंच आहे हे.

१८ फेब्रुवारी, सकाळी
निळं लुगडं नेसली. नवं आहे, पण कोणी इचारलं तं जुनं. तलावावर नाई गेली, चूप दारात बसून राह्यली.
शालिकराम रस्त्यानं गेला नाई. प्लॅन फिट! पायलनं दोन साल लावले शिकाले. मी दोन दिवसात.

दुपारी
दारात गर्दी. लटारू आला, सुगंधाबाई आली, मंग सारी जुनी, पह्यल्या नंबरायची मंडळी. सोसायटीचा नंबर एक, धनराज भाऊ, तेही! यायच्यापैकी कोणालेच फोन नाई गेला. तलावावर नुसते नवे पोट्टे पोचले. त्यायले जाळं कुठून ओढाचं माहीत नाई, गाळात फसवलं अन् फाडलं.
सुगंधाबाई म्हणे, काऊन वं कुंते, गावातले सारे बुढे मेले समजली का तू? म्हटलं, कॉम्प्युटरची मर्जी. लटारू म्हणे, अन् हे निळं लुगडं कोणाच्या मर्जीनं? सारे हसाले लागले. चहा पाजूनच काढा लागलं सगळ्यायले.
तेवीस नंबर तेवढा नाई आला.

१९ फेब्रुवारी
त्याच्या घरी जाणार नाई. बिलकुल नाई.

सांजी
गेली होती. सोसायटीच्या कामानं.
तो फाटलं जाळं शिवत बसला होता. म्हटलं, फोन नाई आला तं झगडाले काऊन नाई आले? म्हणे, कोणता फोन? माह्याजवळ फोनच नाई. सोसायटीत पोराचा नंबर देल्ला आहे, तो गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात. म्हटलं, मंग दरवेळी जाळ्यावर कसे येता? म्हणे, तुम्ही निघता तवा गल्लीभर वरडता ना, चला हो, चला. ते ऐकून उठतो. काल आवाज नाई आला. वाटलं, बाईची तब्येत बिघडली. पाहाले आलो तं दारात गावभर माणसं. मले वाटलं, गेली कुंताबाई. आत यायची हिंमत नाई झाली.
गावात कोणाले सांगतलं तं पटणार नाई.
आला होता. दारापर्यंत आला होता!

२० फेब्रुवारी
कॉम्प्युटरचा राजीनामा देल्ला. धनराज भाऊनं सकाळीच गल्लीतल्या जया पोरीले माह्या जागी बसवलं, पण राजीनामा माह्या मनात रातचाच होता. मशीन काय कामाची? आपला गळा आहे. पुढच्या जाळ्याले शालिकरामच्या दारासमोरच उभी राहून वरडीन. सोसायटीच्या भल्यासाठी.

२७ फेब्रुवारी
आज जाळं. सूर्य निघाच्या आधी त्याच्या दारात गेली. वरडली. आणखी वरडली. कुत्रे उठले, शेजारी उठले. पाह्यलं तं दाराले कडी.
तलावावर गेली तं हा कमरेइतक्या पाण्यात. म्हणे, पोरानं फोन पाठवला, जयानं नंबर बदलवला. काल सांजीच तुमचा आवाज आला. म्हटलं, अन् मी तुमच्या दारात गळा फाडून राह्यली होती ते? म्हणे, फोनातली कुंताबाई बरी. मधातच बंद करता येते.
सारा तलाव हसला. मी नाई हसली.
घरी येऊन जयाले माह्या फोनवर तो आवाज लावाले सांगतलं. 'उद्या सकाळी' झालं अन् लाल बटन दाबलं.
खरंच बंद होते.