रुंद पायाचा जॅक

प्रिय भिंगरी,

हॉस्टेल सुटल्यापासून मी तुला पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे पाकीट बघून आधी हसशील. खुशाल हस. आणि पत्र तेही थेट तू शिकवतेस त्या शाळेत, आमच्या दुकानाच्या मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांच्या हातून. फोन केले होते गं, पण दर वेळी तुझ्या अहोंनी उचलला आणि तू आंघोळीला गेलीस असं सांगितलं. इतकी स्वच्छ तू कधीपासून झालीस?

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याहून जास्त. दुकानात नव्या फळ्या ठोकून घेतल्या, आता स्पेअर पार्ट शोधताना डोक्यावर काही पडत नाही. सोमवारी तुझे अहो आले होते. रविवारी तुम्ही दोघंच वाळूच्या टेकड्यांकडे निघताय, म्हणून गाडीला जॅक हवा होता. ते आल्याचं तुला ठाऊक आहे का, हे मला आधी विचारायचं होतं.

जॅकचा विषय निघाला की माझी गाडी सुसाट सुटते, तुला माहीतच आहे. मी सगळे जॅक त्यांच्यासमोर मांडले. तुमची गाडी तुम्ही उंच करून घेतलीत, चाकं मोठी बसवलीत, त्यामुळे कंपनीने दिलेला जॅक तिच्या पोटापर्यंत पोचतच नाही. मग लोक खाली दगड रचतात आणि वर जॅक ठेवतात, ते कधी करू नये. उंच दांड्याचा जॅक दिसायला रुबाबदार, गाडी हातभर उचलतो, पण त्याचा पाय तळहाताएवढा. वाळूत रुततो आणि कलंडला की गाडीला घेऊनच कलंडतो. वाळूसाठी रुंद पायाचा, ठेंगणा पण उंच उचलणारा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक घ्यावा. त्याखाली जाड फळी, चाकं सरकू नयेत म्हणून अडणी, आणि गाडीखाली शिरायचं असेल तर टेकू म्हणून लोखंडी स्टँड हवेतच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली जात नाही.

ते फार मन लावून ऐकत होते. उंच दांड्याचा जॅक किती रुतला की कलंडतो, हळूहळू कलंडतो की एकदम, कुणाचा धक्का लागला तर काय होतं, सगळं विचारून घेतलं. म्हटलं, बायकोची काळजी करणारा माणूस आहे. मी कौतुकाने चहासुद्धा मागवला. आणि मग त्यांनी तोच उंच दांड्याचा जॅक उचलला. मला वाटलं, माझंच सांगायचं चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते हसले, हाच बरा म्हणाले. फळी मी फुकट देत होते, ती काउंटरवर ठेवून गेले. स्टँड नकोत, अडणी नको.

निघताना म्हणाले की गाडीच्या मागच्या बाजूने खालून खडखड येते. शेजारीच गॅरेज आहे, खड्डा आहे, चहा संपायच्या आत बघून होईल, असं मी म्हटलं. तर म्हणे नको, तिकडे पोचल्यावर तीच बघेल, माझी कंबर कुठे वाकते. भिंगरी, त्याच माणसाने पंधरा किलोचा तो जॅकचा खोका आणि वर पाण्याचा भरलेला कॅन एका दमात वाकून उचलला आणि गाडीत टाकला.

आपली सहल आठवते? व्हॅन चिखलात बसली, सगळ्या जणी रडकुंडीला आल्या आणि तू वेणी दातात धरून खाली शिरलीस. काळीकुट्ट होऊन बाहेर आलीस आणि आधी चहा मागितलास. गाडीखाली शिरायचं म्हटलं की तुझ्या अंगात येतं. तेव्हा मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आता त्याच गोष्टीची धास्ती वाटते, कारण ती त्यालाही माहीत आहे. बघ, लिहिता लिहिता माझ्या हातून 'अहो' सुटले.

तू म्हणशील, पान्ह्याचं डोकं फिरलं. फिरलं असेलही. तसं असेल तर मला हवं तेवढं बोल, वर्षभर तोंड बघू नकोस, मी सोसेन. पण एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही, आणि ती लिहिण्यासाठीच हे पत्र आहे. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "कुणी विचारलंच, तर जॅक तिनेच पसंत केला म्हणून सांगा." मी मान डोलावली. गाडी वळून गेल्यावर मी दुकानाचं शटर ओढून घेतलं. मला कोण कशाला विचारायला येईल, भिंगरी? काका फाटकाबाहेर थांबलेत. घरी जाऊ नकोस, त्याला फोन करू नकोस. आमची वरची खोली झाडून ठेवली आहे. पर्स घे आणि त्यांच्या शेजारी येऊन बस.

दारात उभी असलेली,
तुझीच,
पान्हा