फक्त आकार आणि तारीख

मंगळवार, चिक्कडपल्ली

आज ऑफिसात नव्याने आलेल्या श्रुतीने लिहिलेला कोड तपासला. सर्व्हरवरील फाइलचा केवळ आकार आणि तारीख हवी असताना तिचा प्रोग्राम संपूर्ण फाइल उतरवून घेत होता. मी म्हणालो, "फाइल न आणता तिची माहिती तेवढी विचारता येते."

अंबरपेठची पोर ती, हसून आपल्या दख्खनी ढंगात म्हणाली, "उघडायचीच नाही, तर विचारायचं कायकू, सर?"

माझी पत्नी सुमती गेल्यापासून मी रोज हेच करीत आलो आहे. आजारपणात तिने माझ्यासाठी आपला आवाज ध्वनिमुद्रित करून सर्व्हरवर ठेवला होता. मी त्या फाइलचा आकार पाहतो, तारीख पाहतो आणि थांबतो. ती जागेवर आहे, एवढे कळले की पुरते. एकदा ऐकले, की तिचे मला सांगायचे काही उरणार नाही. हा भित्रेपणा आहे काय? असावा.

आज घरी येताच ऐकले.

"अहो, ऐकू येतंय ना नीट? जेवलात का?" एवढे विचारून ती थांबली. माझ्या उत्तरासाठीच थांबली असावी.

मी "हो" म्हणालो. जेवलो नव्हतो.