दादाच्या हाताची बोटं

३ फेब्रुवारी
आज सकाळी कामावर आल्या आल्या देवाचं नाव घेतलं, फ्रीझर उघडला आणि ॲसिटोनमधल्या दादाच्या हाताला म्हणालो, आलो रे. मग स्वतःलाच दटावलं. इथे दादा वगैरे कोणी नाही. उजवा हात, पुरुष, देहदान. मेडिकल कॉलेजात नमुने करण्यात निम्मं आयुष्य गेलं. थोरल्या भावाचा हात बघून विरघळणारा मी नव्हे.
दादा टेम्पो चालवायचा. म्हणायचा, मेल्यावर माझा हात तुझ्या पोरांना दे, शाळा सुटली माझी, निदान असा तरी वर्गात बसेन.
महिनाअखेर हात वर्गातल्या टेबलावर. संकल्प.

११ फेब्रुवारी
हात सिलिकॉनमध्ये सोडला. व्हॅक्युम पंप लावला की आतलं ॲसिटोन बुडबुडे होऊन वर येतं आणि त्याच्या जागी सिलिकॉन शिरतं. घाई केली तर हात आक्रसतो. म्हणून पंप हळू. अगदी हळू. दिवसभर काचेपाशी बसलो, ते केवळ क्वालिटीसाठी. डबा राहिला.

२० फेब्रुवारी
विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, अहो, बुडबुडे कधीच थांबले. नमुना करताय की अंघोळ घालताय? मी हसलो. बाहेर जाऊन तोंड धुतलं.
वहिनींचा फोन. भाऊजी, यांचा हात पोचला का वर्गात? म्हटलं, टेक्निकल अडचण आहे. म्हणाल्या, म्हणजे तुम्हीच.

२६ फेब्रुवारी
आज बोटांची ठेवण ठरवायची. गॅस दिला की सिलिकॉन पक्कं होतं. मग बोटं जशी असतील तशी कायमची. मॅडमनी बजावलं होतं, तळवा उघडा ठेवा, पोरांना नसा दिसल्या पाहिजेत. ठेवलाच होता. पण तो काही मागत असल्यासारखा दिसू लागला. दादा कधी कोणाकडे मागायला गेला नाही. म्हणून बोटं किंचित वळवली. मग आणखी किंचित. अंतर बघायला माझा हात आत घालून पाहिला. नीट बसला. शाळेत सोडायला यायचा तेव्हा धरायचा, तसा.
निव्वळ माप घेतलं. गॅस सुरू केला.

३ मार्च
हात सुरेख झाला. कोरडा, वास नाही. मॅडमनी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, मुठीतलं काय दिसणार हो पोरांना? उघडायला जावं तर मोडेल. फुकट गेला. ठेवून द्या कपाटात.
कपाट माझ्या खुर्चीमागेच आहे. योगायोग.

९ मार्च
कपाटाला कुलूप लावलं. धूळ बसू नये म्हणून.
वहिनी फोनवर म्हणाल्या, त्यांचे कपडे वाटून टाकले. म्हटलं, एखादा शर्ट तरी ठेवायचा. म्हणाल्या, ठेवत बसले तर माझंच कपाट होईल, भाऊजी. आणि हाताचं काय झालं?
रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. रेंज भरपूर होती.

१२ मार्च
मॅडमना सांगितलं, हाताचे आडवे काप करतो. कापात हाडं, नसा, सगळं दिसतं, मुठीतलंसुद्धा. म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला तरी करू द्या. म्हटलं, मला काही होत नाही.
करवतीचं मशीन सुरू केलं. हात घट्ट धरावा लागतो, नाहीतर काप वाकडा येतो. घट्ट धरला. माझी बोटं त्याच्या मुठीत गेली होती. ती आधी काढून घेतली.
मनगटाकडून सुरुवात केली. बोटं शेवटी.
संध्याकाळपर्यंत सगळा हात वर्गातल्या टेबलावर मांडून झाला.