करंट गेल्यावरचं भूत

३ नोव्हेंबर, सोमवार

साठच्या दशकातला कृष्णधवल सिनेमा आज संपला. घरच्या यंत्रमागांसाठी सुताच्या कांड्या भरता भरता, मोबाइल चरख्याला टेकवून, चार दिवसांत! लूमच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही; खालची अक्षरं वाचत भ्यायचं. दीपगृहातली बाई, नवरा समुद्रावर, जिन्यावर कुणाची तरी पावलं. भूत शेवटपर्यंत दिसत नाही, म्हणून भीती टिकते. ती घर सोडून का जात नाही, असं परीक्षणवाले नेहमी विचारतात. त्यांची लग्नं वडगावात झालेली नसतात.

कोल्हापूरहून मेल आली. ज्यांच्या चॅनेलवर माझी भयपटांची परीक्षणं ऐकवतात, ते म्हणतात — बावीसला, शनिवारी, मुलाखतीला या. कायमची नोकरी! काम घरूनच, महिन्यातून दोनदा तिकडं जायचं.

४ नोव्हेंबर

बावीसला कोल्हापूरला जाऊ का, असं जेवताना विचारलं. सासरे, म्हणजे मामा, म्हणाले, "चार लूम हाईत. कांड्या कोण भरणार? तुजी भुतं?" महादेव ताटातली चटणी बोटानं सारखी करत बसला. हा माझा नवरा. आत्ती, माझी सासू, भाकरी थापत होती; तिनं मान वर केली नाही. निपाणीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "नांदायला गेलीस न्हवं? मग नांद की." म्हणजे तिकडचंही दार बंद.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घोटाळा झाला. माझं रेकॉर्डिंग करंट गेल्यावरच होतं, तेवढीच शांतता मिळते. आज दुपारी करंट गेला आणि मी गोधडीखाली शिरले. सिनेमा ऐंशीच्या दशकातला, हिंदी. रबराचा मुखवटा, राक्षसाच्या पाठीला चक्क चेन दिसते. पण त्यातली कोंडलेली बाई जबरदस्त! तिचं वाक्य मराठीत, तिच्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं — "सोडा मला! या घरातून जाऊ द्या!" तीनदा म्हटलं, कारण दोनदा नीट जमलं नव्हतं.

करंट गेला की अख्ख्या गल्लीचे लूम थांबतात, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. गोधडी काढली तर दारात पाच बायका. शेजारच्या यशोदाबाईंच्या मुठीत मीठमोहरी.

१२ नोव्हेंबर

खुलासा म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं. मूर्खपणा! मामा दोन पावलं मागं सरले. "ह्यो पोरीचा आवाज न्हवं." मोबाइल त्यांच्या ट्रंकेत गेला. अमावस्येपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. महादेव हळूच म्हणाला, "थोडं दिस गप बस की गं." कांड्या मात्र भरायच्याच. भुतानं भरल्या तरी चालतात.

१६ नोव्हेंबर

नव्वदच्या दशकातला सिनेमा बघायचा राहिला. लिफ्टमध्ये अडकलेलं कुटुंब. न बघताही परीक्षण लिहीन.

२० नोव्हेंबर, अमावस्या

सकाळी भूत उतरवणाऱ्या जाणत्याला घरी बोलावलं. धूप, लिंबू, सगळं साग्रसंगीत. "कोण हाईस? काय पायजे तुला?" मी तोंड उघडलं नाही. असल्या सिनेमात मी काम करणार नाही.

तेवढ्यात आत्तीच घुमायला लागली. केस सुटलेले, डोळे पांढरे. तिच्या अंगात देवी येते असं ऐकून होते, पाहिलं आज. मामांनी टोपी काढून हात जोडले. देवी म्हणाली, "पोरीला शनिवारी पंचगंगेत आंगूळ घाला. बायकांनीच जायाचं. गडी मागं आला तर कोप हुईल."

शनिवारी! कोल्हापूरलाच! आणि मी तिथं ओल्या साडीत, हात आत्तीच्या मुठीत. न जाणं परवडलं असतं. कांड्या भरत खूप रडले. लूम चालू होते, कुणाला ऐकू गेलं नाही.

२२ नोव्हेंबर, कोल्हापूर स्टँड

उतरल्याबरोबर मी नदीचा रस्ता विचारायला लागले. आत्तीनं मला बाकावर बसवलं आणि पिशवीतून माझी इस्त्रीची साडी काढली.

"मुलाखत कितीला हाय?"

मी बघतच राहिले. "पण देवी...?"

"तीस वर्सं घुमतीया, माज्या अंगात देवी कवाच आली न्हाय," ती म्हणाली. "पर म्हायेराला जायाचं म्हटलं तर घरात माजं कोण ऐकत हुतं?"