रविवारचं बर्गू

ओवेन्सबरो,
१९ मे

प्रिय लॅम्बर्ट,

तू आणि टल्साची सगळी मंडळी ठीक असाल असं धरून चालते. बहिणीला पाठवलेल्या नाताळच्या कार्डावर तू नुसती सही केली होतीस, त्यामुळे गुडघ्याचं काय झालं ते कळलं नाही. इथे सगळं नेहमीचंच. एप्रिलभर नदी फुगलेली होती, आता उतरली आहे आणि काठावरच्या बाकांवर चिखल वाळून बसलाय. माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. तुझ्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी परसातली तुझी लाकडाची छपरी पाडली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

पत्र लिहायला एक निमित्त झालं. गेल्या आठवड्यात अटलांटाहून एका मासिकाची बाई आली होती. मारिसा प्रुइट नाव, पस्तिशीची असेल. दक्षिणेतल्या नदीकाठच्या गावांत लोक काय खातात, यावर ती लिहीत होती. फादरनी तिला माझ्या गळ्यात बांधलं. "इमेल्डा, हे गाव तुझ्याइतकं कोणी खाल्लेलं नाही," म्हणाले. माझ्या आकाराकडे बघून म्हणाले असं मला वाटलं, पण धर्मगुरूंना काय बोलणार?

तीन दिवस तिला घेऊन हिंडले. बाई गुणी होती, पानात काही टाकायची नाही. धुरावरचं मटण तिने बोटं चाटत खाल्लं. "सगळ्या दक्षिणेत डुक्कर भाजतात, मग तुमच्याकडेच मेंढी कशी?" असं तिने भट्टीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आमच्या आजोबांकडे मेंढ्या होत्या. म्हातारी मेंढी दाताने तुटत नाही, म्हणून दिवसभर धुरावर ठेवायची आणि व्हिनेगर शिंपडत राहायचं. यात लिहिण्यासारखं काय आहे?" तिने तेही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मासा आणि शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ खाल्ली. तुझ्या आवडीच्या त्या टेबलाशी बसलो होतो. तिला सांगितलं नाही.

शुक्रवारी तिला चर्चच्या आवारात नेलं. नव्या छपरासाठी वर्गणी गोळा करायची म्हणून मंडळींनी बर्गू लावलं होतं. हल्ली तुझ्या जागी वर्जिल पेन उभा असतो. तुझंच मोठं लोखंडी भांडं आणि तुझाच वल्ह्यासारखा ढवळायचा दांडा. मटण, कोंबडी, कोबी, मका सगळं विरघळून एकच दाट रस्सा झाला होता. मारिसाने वाडगा पुसून खाल्ला आणि विचारलं, "गावातलं सगळ्यात चांगलं बर्गू हेच का?"

"हे तिसरं," वर्जिल म्हणाला. "दुसरं पलीकडच्या चर्चचं. पण मी असं म्हणालो हे छापू नका, मला इथेच राहायचंय."

"आणि पहिलं?"

"पहिलं आता होत नाही. करणारा गेला."

"अरेरे. कधी वारले?"

"वारला नाही, टल्साला गेला. आमच्यात ते तसंच धरतात."

ती हसली. वर्जिल हसला नाही. त्याने ढवळता ढवळता तिला सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वीची जुलैतली जत्रा, शनिवारी उरलेलं आणि रविवारी प्रार्थनेनंतर गॅलनने विकलेलं बर्गू, एकतीस माणसं आजारी, आणि त्यातच विल्फ्रेड हेगनचा मृत्यू. "चूक कोणाच्याही हातून होते," तो म्हणाला. "पण लॅम्बर्टच्या हातून व्हायला नको होती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मारिसाने वहीचं पान उलटलं आणि विचारलं, "लॅम्बर्टचं आडनाव काय?"

लॅम्बर्ट, इथवर मी गाव, नदी, मासा करत आले. आता जे लिहायचं ते लिहिते.

त्या शनिवारी संध्याकाळी तू अठरा तास आगीपुढे उभा होतास. तुझी पाठ सरळ होत नव्हती. जाताना मला म्हणालास, "इमेल्डा, चारही हंडे पसरट ट्रेमध्ये ओत आणि थंडखोलीत ठेव. झाकणं लावू नकोस." मी म्हटलं, "तू जा, मी बघते." आणि मी हाउझीच्या मांडवात गेले. एकच डाव खेळून येते म्हटलं. जोसेफ जाऊन मी विधवा झाल्यावर पहिल्यांदाच मला कुठे बसावंसं वाटलं होतं. दुसऱ्या डावात मी एक हॅम जिंकले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ते हॅम घेऊन घरी गेले. हंडे माझ्या डोक्यातून साफ निघून गेले.

सकाळी सहाला सभागृहाचं दार उघडलं तर चारही हंडे जिथल्या तिथे. झाकणं लावलेली, हाताला कोमट लागत होती. वास घेतला, चांगला होता. ओतून टाकावं असं वाटलं, पण मग तुला सांगावं लागलं असतं. मी मंद आचेवर गरम केलं. तळाला लागेल म्हणून उकळीही येऊ दिली नाही.

मंगळवारी आरोग्य खात्याच्या माणसासमोर तू मला विचारलंस, "रात्री थंडखोलीत ठेवलं होतंस ना?" मी "हो" म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग त्याच्याकडे वळून म्हणालास, "भांडं माझं आहे. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

पहिले काही दिवस मी म्हणत होते की उद्या सांगेन. विल्फ्रेड गेल्यावर तोंडच उघडेना. तू घर विकलंस तेव्हा मी तुझी कपबशी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. तेव्हाही माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "टल्साला उन्हाळा फार असतो म्हणतात."

तर शुक्रवारी मी हातातला पाव खाली ठेवला आणि मारिसाला म्हटलं, "आडनाव लिहायचंच तर माझं लिही." सगळं सांगितलं. वर्जिलचं ढवळणं थांबलं, आणि भांडं खालून करपायला लागलं तरी कोणी हललं नाही. शेवटी तोच म्हणाला, "त्याला लायन्स हॉलच्या जेवणाला बोलवायचं नाही असं आम्ही मत देऊन ठरवलं होतं. मी हात वर केला होता. तूही तिथेच होतीस, इमेल्डा. कॉफी देत होतीस." मी होते. मारिसाने वही मिटली आणि हे छापणार नाही म्हणाली. मी तिला म्हटलं, "तुझी मर्जी, मला आता फरक पडत नाही."

तशीच विल्फ्रेडच्या बायकोकडे, क्लोटिल्डकडे गेले. ती अंगणात पायरीवर मटार सोलत बसली होती. मी उभ्याउभ्या सांगितलं. तिने बस म्हटलं नाही. ऐकून झाल्यावर टोपली बाजूला ठेवून आत गेली. मला वाटलं, आता दार लागेल. ती बुटांचं खोकं घेऊन बाहेर आली. खोक्यात तुझी पत्रं होती.

तू तिला दर महिन्याला लिहितोस हे मला माहीत नव्हतं. तिने एकही फोडलं नव्हतं. "टाकवत नव्हती आणि वाचवतही नव्हती," म्हणाली. माझ्यादेखत तिने अंगठ्याने पहिलं फोडलं. चष्मा नव्हता म्हणून कागद हात लांब करून धरला आणि मोठ्याने वाचलं. तू लिहिलं होतंस, "त्या सकाळी पसरट ट्रे कोरडे, रचलेलेच होते. थंडखोलीतून काढलेल्या ट्रेला जुलैत घाम सुटतो, हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. मी पाहिलं आणि विचारलं नाही. विकायला परवानगी दिली. विल्फ्रेडला मी मारलं."

माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. तिने दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. त्यांतही नव्हतं.

म्हणजे तुला ठाऊक होतं. मी "हो" म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं.

क्लोटिल्डने कागदाच्या घड्या घातल्या. म्हणाली, "बहीणभावांनी चार वर्षं एकमेकांना जपलंत. माझ्या विल्फ्रेडला त्या दिवशी कोणी जपायचं होतं?" निघताना तिने विचारलं, "ही सगळी मला आता वाचावी लागतील, नाही का?" आणि चष्मा आणायला आत गेली.

आज फादरनी प्रार्थनेनंतर लोकांना सांगितलं. मी त्यांना सांगायची परवानगी दिली होती, मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर दोघीतिघींनी माझा हात धरला, बाकीच्यांना गाडीकडे जायची घाई होती. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली मी परत केली. वर्जिलने तुझा पत्ता मागितला. जुलैतल्या जत्रेला तू यावंस असं मंडळींच्या मनात आहे. पत्ता दिला, पण म्हटलं, त्याचं तो ठरवेल. ये असं म्हणायचा माझा अधिकार उरलेला नाही. क्लोटिल्डच्या दारावरून जाताना तिच्या खिडकीत कोणी दिसलं नाही.

तुझ्या वाट्याचं तू लिहून टाकलंस, तेही अशा बाईला, जी वाचत नव्हती. माझ्या वाट्याचं हे. दोन्ही मिळून किती होतं ते मला सांगता येत नाही, पण यातलं माझं तू उचललं होतंस. ते खाली ठेव.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहून पत्र मिटणार होते. ते खोटं झालं असतं. मी वाट बघणार आहे.

इमेल्डा